फिट येणारा कादंबरीकार

पलूसच्या एसटी स्टँडवर किंवा किर्लोस्करवाडी स्टेशनवर कुणाला फिट आली की पुढचं सगळं ठरलेलं. गर्दी जमते, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं, कुणी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा कोंबतं. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात. ‘फेफरेवाला’ हा शिक्का मात्र राहतो. हाच आजार अंगावर घेऊन जगातला एक फार मोठा लेखक जगला: फ्योदोर दोस्तोव्हस्की.

जन्म १८२१चा, मॉस्कोतला. वडील गोरगरिबांच्या दवाखान्यात डॉक्टर. पोराला त्यांनी लष्करी इंजिनिअरिंगला घातलं. पोराचं मन मात्र पुस्तकांत. डिग्री मिळाली, नोकरी लागली आणि त्यानं ती सोडलीही. १८४६ मध्ये पहिली कादंबरी आली आणि नाव झालं.

तीनच वर्षांनी झारच्या पोलिसांनी त्याला उचललं. बंदी असलेलं लिखाण वाचणाऱ्या मित्रांत उठबस, हा गुन्हा. डिसेंबर १८४९ मध्ये गोळ्या घालायला मैदानात उभं केलं आणि ऐन क्षणी शिक्षा बदलली. मग सैबेरियात चार वर्षं सक्तमजुरी, पायात बेड्या. त्याचे झटके तिथंच ठळकपणे दिसू लागले.

१८५७ मध्ये त्याचं लग्न झालं आणि काही दिवसांतच मोठी फिट आली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अपस्मार. योगायोग बघा, त्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक नावाच्या डॉक्टरांनी पोटॅशियम ब्रोमाइडनं काही रुग्णांचे झटके थांबल्याचं सांगितलं. खऱ्या अर्थानं गुण देणारं ते पहिलं औषध. पण त्यानं सुस्ती यायची, डोकं जड व्हायचं, अंगावर फोड उठायचे.

मुळात फिट म्हणजे काय? मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक संदेशांनी एकमेकींशी बोलतात. त्यातल्या पुष्कळ पेशी एकदम, एका सुरात पेटल्या की झटका येतो. तो मेंदूच्या एका कोपऱ्यातच राहिला तर विचित्र वास, भास किंवा भावना जाणवते, सगळीकडे पसरला की माणूस कोसळतो. दोस्तोव्हस्कीला झटक्याआधी काही क्षण विलक्षण आनंद व्हायचा. नंतर कित्येक दिवस उदासी, विसराळूपणा. आपल्याच कादंबरीतली पात्रं आठवायची नाहीत! हा अनुभव त्यानं लपवला नाही. ‘द इडियट’मधल्या प्रिन्स मिश्किनला तो देऊन टाकला. झटक्यांच्या तारखाही तो वहीत टिपायचा. आजही डॉक्टर पेशंटला हेच करायला सांगतात.

ऑक्टोबर १८६६ मध्ये डोक्यावर कर्ज आणि प्रकाशकाची जाचक मुदत होती. वीस वर्षांची लघुलेखक ॲना मदतीला आली आणि २६ दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण झाली. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. थोड्याच दिवसांत नातेवाइकांच्या घरी त्याला फिट आली. बाकीचे घाबरून लांब झाले. ॲनानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

सगळ्यात मोठा घाव बसला १८७८ मध्ये. तीन वर्षांचाही नसलेला अल्योशा काही तास चाललेल्या झटक्यानं गेला. आपलाच आजार पोराला गेला, या विचारानं बाप खचला. पुढच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’च्या नायकाला त्यानं पोराचंच नाव दिलं. १८८१ मध्ये तो गेला, पण फिटनं नाही, फुप्फुसातल्या रक्तस्रावानं.

त्याच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी फेनोबार्बिटोन आलं, १९३८ मध्ये फेनिटॉइन. मग कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटम. ही औषधं पेशींची ती सामूहिक पेटापेट दाबून धरतात. योग्य गोळी नियमित घेतली तर दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात. पण रक्तातलं औषधाचं प्रमाण टिकलं पाहिजे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी मनानं बंद केली की झटका परत येतो, कधी जोरात. परीक्षेच्या रात्री जागवणंही महागात पडतं. मुलींनी व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरांशी मोकळं बोलावं, गर्भावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. आणि लग्नाचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ मध्येच काढून टाकली आहे.

समोर कुणाला फिट आली तर चप्पल नको, कांदा नको, तोंडात काहीही नको. आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांवर गेला, शुद्ध न येता दुसरा आला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली तर थेट दवाखाना. अल्योशाच्या वेळी लांबलेला झटका थांबवणारं औषध नव्हतं, आज नाकात मारायचा स्प्रेसुद्धा मिळतो.

आणि तो माणूस पुरता भानावर येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा. ॲनाकडे तर कसलंच औषध नव्हतं. ती फक्त लांब गेली नाही.