वाफेला पुन्हा कामास लावणारा नॉर्बेर रिल्यू

जुन्नर-आंबेगावकडील मुलांना गुऱ्हाळ नवे नाही. चुलवाणात चिपाडे घालावयाची, काहिलीत रस आटवावयाचा आणि वर येणारी वाफ आभाळात सोडून द्यावयाची, ही रीत आपण पाहिलेली आहे. त्या वाया जाणाऱ्या वाफेला ज्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कामास लावले, त्याचे हे चरित्र.

नॉर्बेर रिल्यू १७ मार्च १८०६ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे जन्मला. वडील गोरे, यंत्रांचे जाणकार. आई कॉन्स्टन्स ही आफ्रिकी वंशाची, परंतु गुलाम नसलेली स्त्री. अशा जोडप्याच्या विवाहास तेथील कायद्याची मान्यता नव्हती. तरीही मुलाची हुशारी ओळखून त्यास पॅरिसला शिकावयास धाडले गेले, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तो तेथील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयात शिकवूही लागला.

मायदेशी साखर करण्याची रीत भयंकर होती. उघड्या कढयांच्या रांगेत रस उकळे आणि गुलाम माणसे लांब दांड्याच्या पळ्यांनी तो एका कढईतून दुसरीत ओतीत. अंग होरपळणे नित्याचेच. लाकूड बेसुमार जळे, साखर करपून काळपट होई.

हवेचा दाब उतरविला की पाणी कमी उष्णतेवर उकळते, हे रिल्यूने हेरले. त्याने बंद भांडी ओळीने जोडली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्याला तापवी, दुसऱ्याची तिसऱ्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी. अशी तीन भांडी असली तर एक किलो वाफेवर सुमारे तीन किलो पाणी उडते. आरंभीचे प्रयत्न फसले. १८४३ मध्ये पेटंट मिळाले आणि १८४५ मध्ये पॅकवुड नावाच्या मळेवाल्याकडे यंत्र उत्तम चालले.

पुढे मागणी वाढली. पण ज्या गुलाममालकांचा नफा त्याने वाढविला, ते त्याला बरोबरीचा मानीत नसत. आणि त्याच्या शोधाने त्यांच्याच व्यवस्थेला बळ मिळाले, हेही सांगितले पाहिजे. १८५० नंतर काळ्या नागरिकांवरील निर्बंध कडक होत गेले. रिल्यू पॅरिसला परतला. तेथे त्याने काही वर्षे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा अभ्यास केला! मात्र १८८१ मध्ये, पंचाहत्तरीत, तो पुन्हा साखरेकडे वळला व आटवणीच्या भांड्यांतील वाफ काढून कच्चा रस तापविण्याची पद्धत त्याने दिली. ८ ऑक्टोबर १८९४ रोजी तो पॅरिसमध्ये वारला.

आपल्या भागातील विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांत रस आटवितात तो याच तत्त्वावर. रस आटेनासा झाला की नवी बॉडी बसवावी असे प्रथम मनात येते; पण ते खर्चाचे काम. जाणता इंजिनिअर आधी आहे तोच संच तपासतो. नळ्यांवर खपली धरली आहे काय? वाफेचे झालेले पाणी नीट निघते काय? आणि न गोठणारी हवा वाफेच्या बाजूस कोंडली आहे काय? या हवेला सतत वाट हवी, हा रिल्यूच्याच नावाने ओळखला जाणारा नियम. हवा कोंडली की भरपूर वाफ देऊनही नळ्या तापत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, गळीत हंगामात कारखाना पाहावयास गेलात तर उभ्या बॉडी ओळीने पाहून घ्या. शेवटच्या बॉडीतील रस सर्वांत दाट असतो, आणि तोच सर्वांत कमी उष्णतेवर उकळत असतो.