श्रीलंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ: वाट न दिसता केलेली यात्रा

दर वर्षी १६ जानेवारी रोजी संत जोसेफ वाझ ह्यांचा सण येतो. गोवा व दमण महाधर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत आणि श्रीलंकेतील ख्रिस्ती बांधव त्यांना आपल्या देशाचे प्रेषित मानतात. त्यांच्या चित्रांत शांत मुद्रेचा, हाती क्रूस धरलेला एक धर्मगुरू आपल्याला दिसतो. त्या शांत मुद्रेमागे किती वर्षांची अनिश्चितता होती, हे मात्र चित्र सांगत नाही. देवाची इच्छा नेमकी कोणती, पुढे काय वाढून ठेवले आहे, आपण योग्य वाटेवर आहोत की नाही, हे प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांना छळतात. नोकरीचा भरवसा नसलेला तरुण, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली आई, पाचारणाविषयी साशंक झालेला सेमिनरियन ह्या सर्वांना ते परिचयाचे आहेत. म्हणून ह्या संताच्या जीवनाकडे आम्ही त्या दृष्टीने पाहणार आहोत.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील सासष्टी तालुक्यात बाणावली येथे, त्यांच्या आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे. आईचे नाव मारिया द मिरांडा. घर श्रद्धाळू होते. सांकवाळ व बाणावली येथे प्राथमिक शिक्षण घेतल्यावर जोसेफ गोवा शहरात येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात शिकले, आणि पुढे डॉमिनिकन संघाच्या विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान ह्यांचा अभ्यास केला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सांकवाळ येथे त्यांनी एक दास्यपत्र लिहून पवित्र मरियेचा आजन्म गुलाम म्हणून स्वतःला वाहून घेतले. तरुणपणी केलेली अशी व्रते पुष्कळदा कागदावरच राहतात. ह्या पत्राचा अर्थ मात्र पुढील चौतीस वर्षे उलगडत गेला.

त्या काळी श्रीलंकेतून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमधून, मन विषण्ण करणाऱ्या वार्ता गोव्यात येत असत. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. डच हे कॅल्विनपंथीय. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले, चर्चे ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला आश्रय देणाऱ्यास देहदंडाची शिक्षा जाहीर केली. हजारो भाविक मिस्साविना, पापनिवेदनाविना राहिले. मरणासन्न माणसाला तैलाभ्यंग देण्यासही कोणी उरले नाही. लहान मुले वाढली, त्यांची लग्ने झाली, त्यांनाही मुले झाली, आणि तरीही एका धर्मगुरूचे दर्शन त्यांना घडले नाही.

त्या लोकांकडे जावे ह्या इच्छेने फादर वाझ अस्वस्थ झाले. १६८१ साली त्यांनी गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांपुढे आपली इच्छा मांडली. उत्तर नकारार्थीच म्हणावे लागेल, कारण सिलोनऐवजी त्यांना कानडा प्रांतातील, म्हणजे आजच्या मंगळूर परिसरातील मिशनचे प्रमुख म्हणून पाठविण्यात आले.

येथे आपण थोडे थांबू. मनापासून मागितलेली गोष्ट चांगली असते, देवाच्याच गौरवासाठी असते, आणि तरीही ती मिळत नाही. अशा वेळी माणूस एक तर वरिष्ठांना दोष देतो, नाही तर ती प्रेरणा देवाची नव्हतीच असे म्हणून ती सोडून देतो. फादर वाझ ह्यांनी दोन्ही टाळले. मनातील सिलोन त्यांनी विसरले नाही आणि पदरी पडलेले कानडा त्यांनी दुय्यम मानले नाही.

कानडातील काम सोपे नव्हते. पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या पाद्रोआदो ह्या हक्कानुसार तेथील अधिकार आपला, असे गोव्याचे म्हणणे होते. दुसरीकडे रोमच्या धर्मप्रसार परिषदेने त्याच प्रदेशासाठी बिशप थॉमस द कास्ट्रो ह्यांची नेमणूक केली होती. हे बिशपही मूळचे गोव्याचेच. खरा अधिकार कोणाचा, कोणाच्या हातून संस्कार घ्यावेत, अशा संभ्रमात सामान्य भाविक पडले होते. एका बाजूचा प्रतिनिधी म्हणून गेलेल्या तिशीतल्या धर्मगुरूला त्या वादात सहज वाहून जाता आले असते. त्यांनी बिशपांशी आदराने वागून वाद शमविण्याचा प्रयत्न केला आणि आपला वेळ गावोगावच्या भाविकांना दिला. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर ह्या भागांत ते पायी हिंडले. राजसत्तेचे पाठबळ नसताना ख्रिस्तसभा कशी सांभाळावी, हे ते तेथे शिकले. सिलोनमध्ये हेच शिक्षण लागणार होते. पण १६८१ साली ते त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

१६८४ साली ते गोव्यात परतले. जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रूसाच्या टेकडीवर काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगू पाहत होते. युरोपीय संघांची दारे त्या काळी एतद्देशीय धर्मगुरूंना बहुधा बंदच असत, ही आपल्या इतिहासातील कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ह्या लहानशा समूहात फादर वाझ सामील झाले आणि १६८५ साली संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्या समूहाला आकार मिळाला. त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. आता येथेच स्थिर व्हावे, असे कोणालाही वाटले असते. पण १६८६ साली ते पद सोडून ते दक्षिणेकडे निघाले.

त्या प्रवासाचे साहस समजण्यासाठी त्यांना काय माहीत नव्हते ते लक्षात घ्यावे. सिलोनमध्ये कॅथलिक नेमके कोठे राहतात, कोणावर विश्वास ठेवावा, एखादा तरी भाविक धर्मगुरूला घरात घेण्याचे धाडस करील काय, ह्यांपैकी काहीही त्यांना ठाऊक नव्हते. तेथील भाषाही नीट येत नव्हती. जुवांव नावाचा विश्वासू सेवक तेवढा सोबत होता. मलबारमार्गे ते तुतिकोरीनला पोहोचले आणि १६८७ साली गरीब हमालाच्या वेषात खवळलेल्या समुद्रातून पलीकडे गेले. मिस्साचे मोजके साहित्य त्यांनी दडवून नेले होते.

जाफन्याला पोहोचल्यावर काय घडले? इतक्या वर्षांच्या प्रार्थनेनंतर, इतक्या धोक्यांतून सुखरूप आल्यावर, ते हगवणीने गंभीर आजारी पडले. संसर्गाच्या भीतीने लोक त्यांना टाळू लागले. शहराबाहेर एका आडोशाला ते पडून राहिले. जुवांवही आजारी पडला. एका दयाळू स्त्रीने आणून दिलेल्या पेजेवर दोघे तगले, असे चरित्रकार सांगतात. ज्या कामासाठी देवाने आणले त्या कामाच्या उंबरठ्यावर त्यानेच आडवे पाडावे, हे कोडे आम्हांला ह्या जीवनकथेतील सर्वांत कठीण स्थान वाटते. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले होते हे आपल्याला कळण्यास मार्ग नाही. बरे झाल्यावर त्यांनी काय केले, तेवढे कळते.

त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागण्यास सुरुवात केली. जपमाळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटते हे ते निरखीत. कोणी तुच्छतेने पाही, कोणी नजर चुकवी, आणि एखाद्याची नजर तेथेच खिळून राही. अशा एका घरी विश्वास बसल्यावर त्यांनी आपण धर्मगुरू असल्याचे सांगितले. तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ते वाक्य ऐकणाऱ्या कुटुंबाला काय वाटले असेल! पुढे जाफन्याजवळच्या सिल्लाले ह्या गावातील धीट भाविकांनी त्यांना आश्रय दिला. दिवसा लपून राहावे, रात्री मिस्सा अर्पावा, पापनिवेदने ऐकावीत, मुलांना स्नानसंस्कार द्यावा आणि पहाटेपूर्वी निघून जावे, असा क्रम सुरू झाला.

हा क्रमही टिकला नाही. १६८९ सालच्या नाताळच्या रात्री डचांनी छापा घातला. फादर वाझ निसटले. भाविक मात्र पकडले गेले आणि त्यांना कैद, दंड व फटके सोसावे लागले. आपल्यामुळे ह्या लोकांवर संकट आले ही जाणीव घेऊन त्यांना जाफना सोडावे लागले. १६९० मध्ये ते पुत्तलमला आले. हा प्रदेश कँडीच्या बौद्ध राजाच्या अमलाखाली होता, त्यामुळे डचांचा हात तेथवर पोहोचत नव्हता. हद्दपारीसारखी वाटणारी ही वाट त्यांना बेटाच्या मध्यभागी घेऊन जात होती.

१६९२ साली ते राजधानी कँडीकडे निघाले. ते पोहोचण्यापूर्वीच एका फ्रेंच कॅल्विनपंथीयाने ते पोर्तुगीज हेर असल्याचे राजाच्या कानी घातले होते. राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याने त्यांना व त्यांच्या सोबत्यांना बंदिवासात टाकले. पुन्हा एकदा दार बंद झाले.

ह्या बंदिवासात त्यांनी सिंहली भाषा शिकण्यास आरंभ केला. मोकळे असते तर सतत हिंडणाऱ्या ह्या माणसाला एका जागी बसून भाषा शिकण्यास सवड कधी मिळाली असती? हळूहळू पहारा सैल झाला. आवारातच त्यांनी एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले, तेथे मिस्सा सुरू झाला आणि कँडीतील कॅथलिक एकेक करून येऊ लागले. हा कैदी हेर नाही, ह्याला सत्तेचा लोभ नाही, हे राजाला उमगत गेले. पुढे दुष्काळ पडला असता राजाच्या विनंतीवरून त्यांनी उघड्या मैदानात वेदी उभारून प्रार्थना केली, तेव्हा धो धो पाऊस कोसळला आणि ते व वेदी तेवढी कोरडी राहिली, अशी परंपरा आहे. त्यानंतर त्यांना राज्यात संचाराची मोकळीक मिळाली.

चरित्रांतून ह्या पावसाचेच वर्णन अधिक येते. आमच्या मते त्याहून मोठी घटना १६९७ सालची आहे. तत्पूर्वी, १६९६ मध्ये, गोव्याहून ओरेटरीचे दोन धर्मगुरू येऊन पोहोचले होते: फादर जोसेफ द मेनेझिस आणि फादर वाझ ह्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो. नऊ वर्षे एकट्याने काढल्यावर दुसऱ्या धर्मगुरूपाशी आपले पापनिवेदन करणे त्यांना आता शक्य झाले. ह्या एका गोष्टीवरून त्यांच्या एकाकीपणाची खोली आपल्याला मोजता येईल. पुढच्याच वर्षी कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा व दरबारी शहर सोडून गेले. घरच्या माणसांनी रोग्यांना टाकून दिले. मामा-भाचे मागे राहिले. त्यांनी रिकाम्या घरांतून रोगी ठेवले, त्यांना भरविले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मृतांना मूठमाती दिली. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. राजाच्या मनात त्यांच्याविषयी जो आदर रुजला, त्याचे खरे मूळ ह्या सेवेत आहे असे आम्हांला वाटते.

मान्यता आता चालून येऊ लागली. कोचीनच्या बिशपांनी त्यांना सिलोनचे व्हिकार जनरल नेमले. पोपचे दूत मायार द तूर्नों भारतात आले असता त्यांनी सिलोनच्या मिशनची माहिती घेतली आणि फादर वाझ ह्यांना बिशपपद देण्याचा विचार मांडला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला. १७०५ साली दिवाडीचे फादर जाकोमे गोन्साल्विस आले आणि त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल धार्मिक लेखन केले. परकी भाषा आपलीशी केल्याशिवाय श्रद्धा रुजत नाही, हे फादर वाझ बंदिवासातच ओळखून होते.

शेवटपर्यंत ते गोव्याला परतले नाहीत. पायी केलेल्या प्रवासांनी व उपासतापासांनी शरीर झिजले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्या वेळीही डचांचे निर्बंध कायम होते आणि किनाऱ्यावरील भाविक लपूनछपूनच मिस्साला जात होते. आपल्या कामाचे पुढे काय होणार, ह्याचे उत्तर त्यांना मृत्युशय्येवरही मिळाले नव्हते.

गोव्याहून ओरेटरीचे धर्मगुरू पुढेही सिलोनला जात राहिले. उत्तर कोकणातील आपल्या पूर्वजांनाही अशा सेवेचे मोल कळले होते. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती गेल्यावर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले आणि येथील भाविकांचा सांभाळ एतद्देशीय धर्मगुरूंनीच केला. सिलोनमधील कॅथलिकांवरील निर्बंध ब्रिटिश अमदानीत १८०६ साली उठले, फादर वाझ ह्यांच्या निधनानंतर पंचाण्णव वर्षांनी. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. त्याच शहरात, समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर, १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद दिले. ज्या बेटावर ते हमालाच्या वेषात लपत उतरले होते, तेथे त्या दिवशी लाखोंच्या समुदायाने त्यांचे नाव उच्चारले.

कँडीतील ज्या चर्चमध्ये त्यांना पुरले ते काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्यांची कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणालाही ठाऊक नाही.