धर्मशिक्षकांचे पाठीराखे : संत चार्ल्स बोरोमिओ



दरवर्षी ४ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांचा सण साजरा करते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करणारे कार्डिनल म्हणून ते आपणांस ठाऊक आहेत. आमच्या मते त्यांचे तितकेच मोठे काम रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात झाले. आज ती बाजू पाहू या.

उत्तर इटलीतील अरोना येथे २ ऑक्टोबर १५३८ रोजी सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. १५५९ साली त्यांचे मामा पायस चौथे ह्या नावाने पोप झाले आणि लगेच पुढच्या वर्षी २१ वर्षांच्या ह्या भाच्याला त्यांनी कार्डिनल केले. वशिल्याच्या नेमणुकीतून सहसा काही चांगले निष्पन्न होत नाही. येथे मात्र झाले. रेंगाळलेली ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ मध्ये पूर्णत्वास नेण्यात चार्ल्स ह्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर श्रद्धेची शिकवण सांगणारा ग्रंथ तयार करण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले आणि १५६६ साली तो प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, हा ग्रंथ मुलांसाठी नव्हता, धर्मगुरूंसाठी होता. आधी शिकवणाऱ्याने शिकायचे होते.

१५६५ मध्ये ते आर्चबिशप म्हणून मिलानला राहायला गेले. त्यापूर्वी जवळजवळ ८० वर्षे तेथे आर्चबिशपांचे वास्तव्यच नव्हते. तरीही शहरात एक दिवा तेवत होता. कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो ह्या धर्मगुरूंनी काही प्रापंचिकांना सोबत घेऊन १५३६ साली मुलांसाठी धर्मशिक्षणाच्या शाळा सुरू केल्या होत्या. सफरचंदे वाटून मुले गोळा केल्याची आठवण सांगितली जाते. रविवारी आणि सणाच्या दिवशी हे वर्ग भरत. प्रार्थनेबरोबर लिहिणे-वाचणेही शिकवले जाई, त्यामुळे गरिबांची मुले येत. शिकवणारे साधे प्रापंचिक स्त्री-पुरुष होते आणि ते मोबदला घेत नसत.

नवे आर्चबिशप आले म्हणजे नवी योजना आली, असे अनेकदा होते. चार्ल्स ह्यांनी तसे केले नाही. चालू असलेले काम त्यांनी उचलून धरले, त्याला नियम घालून दिले आणि प्रत्येक धर्मगुरूवर आपल्या धर्मग्रामात मुलांना शिकवण देण्याची जबाबदारी टाकली. धर्मग्रामांना भेटी देताना ते शाळांची स्वतः पाहणी करीत.

ह्या शाळांची रचना आम्हांला फार विचारात पाडते. शिक्षक एकटा नसे. शाळेला प्रमुख आणि उपप्रमुख असत. वर्गात शांतता राखायला वेगळा माणूस, दाराशी वेगळा माणूस. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांना वर्गात आणणारे काही जण असत. त्यांना ‘कोळी’ म्हणत! कुणी शिक्षक आजारी पडला तर त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणारे नेमलेले असत आणि आपसांत भांडण झाले तर ते मिटवणारेही. म्हणजे शिकवणाऱ्याने फक्त शिकवावे, बाकीचा भार इतरांनी वाहावा. आपल्याकडे वर्ष संपता संपता एखादी शिक्षिका येणे थांबवते, तेव्हा तिला वेळ नसेल असे आपण म्हणतो. तिच्या दारी कोण गेले होते, हे कुणी विचारत नाही.

चार्ल्स स्वतः बोलताना अडखळत, तरीही त्यांनी प्रवचने सोडली नाहीत. १५७६ च्या प्लेगमध्ये लोक घरांत कोंडलेले असताना त्यांनी रस्त्यांच्या नाक्यांवर वेदी उभारल्या, म्हणजे खिडकीतून मिस्सा पाहता येई. १५८० साली कास्तिल्योने येथे १२ वर्षांच्या एका मुलाला त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर दिले आणि तो शिकवणुकीचा ग्रंथ वाचण्यास सांगितले. तो मुलगा म्हणजे संत अलॉयशियस गोन्झागा. त्याने पुढे आपल्या गावातील गरीब मुलांना धर्मशिक्षण दिले.

३ नोव्हेंबर १५८४ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी चार्ल्स ह्यांचे निधन झाले. १६१० साली त्यांना संतपद देण्यात आले. त्यांच्या मृत्यूच्या वेळी मिलानच्या धर्मप्रांतात अशा सुमारे ७४० शाळा होत्या, त्यांत सुमारे ४०,००० विद्यार्थी आणि ३,००० हून अधिक शिक्षक होते. हिशेब केला तर एका शिक्षकामागे तेरा मुले येतात.