हँडलचा झटका आणि बॅटरीतलं शिसं

इंटर्नशिपच्या काळात मी तालुक्याच्या रुग्णालयात होतो. हिवाळ्यात रब्बीला पाणी द्यायची घाई सुरू झाली की एक ठरावीक दुखापत यायची. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला नाहीतर एखाद्या जुन्या ट्रॅक्टरला हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिलेला असे आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगटाचं हाड मोडलेलं असे. पुस्तकात याला शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. शोफर म्हणजे मोटार चालवणारा. मोटार चालवून मनगट का मोडावं, असं आजच्या विद्यार्थ्यांना विचारलं तर ते एकमेकांकडे बघतात. गाड्यासुद्धा कधीकाळी हँडलनेच सुरू व्हायच्या, हे त्यांनी पाहिलेलंच नाही.

ज्या माणसामुळे ही दुखापत मागे पडली तो डॉक्टर नव्हता. चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरात १८७६ साली जन्मलेला. त्याचे डोळे लहानपणापासून कमजोर होते. कॉलेजात वाचनाचा ताण सहन होईना म्हणून शिक्षण मध्येच सोडावं लागलं. मग त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम केलं, खांब रोवले, जोडण्या केल्या. डोळ्यांना उसंत मिळाल्यावर तो परत गेला आणि १९०४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. हँडल फिरवून उघडणाऱ्या गल्ल्याला त्याने विजेची मोटर बसवली. तिथेच त्याला एक साधी गोष्ट उमगली. मोटर दिवसभर चालणार असेल तर ती मोठी हवी, नाहीतर तापून जळेल. पण काम दोन-चार सेकंदांचंच असेल तर लहान मोटरीवरही बेसुमार भार टाकता येतो, कारण तापायच्या आत तिचं काम संपलेलं असतं. पुढचा सेल्फ स्टार्टर याच विचारातून आला.

१९०९ मध्ये नोकरी सोडून त्याने एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर डेल्को कंपनी काढली. सुरुवातीचं काम डीड्सच्या घरामागच्या गोठ्यात, तेही बऱ्याचदा रात्री चालायचं. त्या वेळी कॅडिलॅक गाड्यांचे प्रमुख हेन्री लेलंड होते. त्यांचे एक स्नेही बायरन कार्टर एका बाईंच्या बंद पडलेल्या गाडीला हँडल मारायला गेले, हँडलने त्यांचा जबडा फोडला आणि पुढे न्यूमोनियाने ते गेले. त्यामुळे लेलंड यांनी हँडलच काढून टाकायचं ठरवलं, अशी कथा सांगतात. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. जबड्याच्या फ्रॅक्चरनंतर न्यूमोनिया होणं मात्र त्या प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात अगदी शक्य होतं.

१९११ च्या फेब्रुवारीत स्टार्टर बसवलेली गाडी तयार झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो सर्रास आला. केटरिंगची खरी करामत नुसत्या मोटरीत नव्हती, त्याने सगळा संसारच जुळवून दिला. बॅटरी मोटरीला वीज देते, मोटर इंजिन फिरवते. इंजिन चालू झालं की तेच यंत्र डायनामो बनून बॅटरीला वीज परत करतं, आणि त्याच बॅटरीवर दिवे नि ठिणगी चालते. इंजिन बंद पडल्यावर वीज बॅटरीतून उलटी डायनामोत शिरून वाया जाऊ नये म्हणून अशा व्यवस्थेत मध्ये कटआउट लागतो. प्रत्येक दिव्याला दोन तारा कशाला? एक तार न्यायची आणि परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून द्यायचा. यालाच मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात, जमिनीशी त्याचा संबंध नसतो.

ट्रॅक्टरला हे सुख उशिरा मिळालं. १९३९ मध्ये आलेल्या फोर्डच्या नाइन-एन ट्रॅक्टरवर स्टार्टर आणि डायनामो होते, बॅटरी सहा व्होल्टची आणि तिचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं. आज आपण ऋण टोक जोडतो. हौशी लोक असे जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतात तेव्हा सवयीने बॅटरी उलटी जोडतात. डायनामो असेल तर त्याच्या लोखंडात मुरलेलं चुंबकत्व जुळवून घेऊन निभावतं. नंतर कोणी आल्टरनेटर बसवला असेल तर त्याचे डायोड क्षणात जळतात. माझा संबंध येतो तो जळालेल्या डोळ्यांशी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडतं. म्हणून बॅटरी काढताना सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडायची, मग ती धन असो वा ऋण. बसवताना तीच शेवटी जोडायची. उलट केलं तर पाना सांगाड्याला टेकतो आणि ठिणगी उडते. आम्ल डोळ्यांत गेलंच तर आधी वीसेक मिनिटं साध्या वाहत्या पाण्याने डोळे धुवायचे आणि मग रुग्णालय गाठायचं. अनेक जण न धुता तासभर प्रवास करून येतात, तेवढ्यात नुकसान होऊन जातं.

पुढची गोष्ट सांगताना मला अवघड होतं. त्या काळच्या इंजिनात एक ठकठक व्हायची आणि तिचा दोष केटरिंगच्या बॅटरीवरच्या ठिणगीला दिला जायचा. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होण्याआधीच त्याने हा प्रश्न थॉमस मिजली या सहकाऱ्याकडे सोपवला. डिसेंबर १९२१ मध्ये उत्तर सापडलं: पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, चिमूटभर मिसळायचं. हे संयुग चरबीत विरघळतं, कातडीतून आत शिरतं आणि थेट मेंदू गाठतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून अधिक रुग्णालयात गेले. मिजली स्वतःही आधी शिशाने आजारी पडला होता. १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. तिथे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या व्यवसायजन्य रोगांच्या तज्ज्ञांनी विरोध केला. केटरिंग कंपनीच्या बाजूने उभा राहिला. अल्कोहोल मिसळूनही ठकठक थांबते, हे त्याच्याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. त्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. पुढे शिशाचं पेट्रोल जगभर गेलं. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं, अल्जीरियात २०२१ मध्ये, आणि तिथे जगातला शेवटचा पंप थांबला. तोवर कित्येक पिढ्यांच्या मुलांनी रस्त्यावरच्या धुरातून ते मेंदूत साठवलं होतं.

आणि हाच माणूस वैद्यकात रमलेला. १९३० च्या दशकात डेटनच्या मायामी व्हॅली रुग्णालयात डॉ. वॉल्टर सिम्प्सन यांच्याबरोबर त्याने ताप आणणारी पेटी बनवली. गरम दमट हवेत रुग्णाला तासन्तास ठेवून उपदंशाचे जंतू मारायचे, ही कल्पना. पेनिसिलीन आलं आणि पेटी अडगळीत गेली. गवत हिरवं का, या प्रश्नावर म्हणजे प्रकाशसंश्लेषणावर त्याने पदरचे पैसे घातले. १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनाची संस्था उभी केली. स्लोन-केटरिंग हे नाव आमच्या प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाच्या तोंडी असतं. त्यातला केटरिंग सेल्फ स्टार्टरवाला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

१९५८ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. आपल्या मनगटांसाठी मी त्याचा ऋणी आहे. पण परवाच ओपीडीत एक तिशीचा तरुण आला होता. पोटात कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, आणि उजवं मनगट लुळं, उचलताच येईना. हाड कुठेच मोडलेलं नव्हतं. चार वर्षं तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होता, घराच्या मागच्या खोलीत. त्याची धाकटी मुलगी त्याच खोलीत खेळते. तिच्या रक्ताचा नमुना पाठवला आहे, रिपोर्ट यायचा आहे.