बाबासाहेब, पाचशे रुपये आणि मंत्र्याची खुर्ची

खोपोलीत नगरपरिषदेची निवडणूक आली की नाक्यानाक्यावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : समाजसेवाच करायची तर मानधन कशाला? प्रश्न साळसूद आहे. पण तो विचारणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. अशांना आम्ही बाबासाहेबांचे चरित्र वाचायला सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या बळावर कोलंबियात शिकले, पुढे लंडनला गेले. १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले. त्याच वर्षी आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा संगर झाला. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. सेवेच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घ्यायचे आणि मोबदला नाममात्र द्यायचा, हे आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या भोगले होते.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बाबासाहेब विधानसभेत निवडून आले. काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाने मंत्र्यांचा पगार दरमहा ५०० रुपये ठरवणारे विधेयक आणले आणि त्यागाचा गाजावाजा झाला. बाबासाहेब भुलले नाहीत. पगार ठरवताना राहणीमान, कर्तबगारी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या कसोट्या लावा, असा त्यांचा मुद्दा होता. ब्रिटनमध्येही १९११ पर्यंत साध्या खासदाराला सरकारी पगार नव्हता. कामगारांच्या प्रतिनिधींना संघटनेच्या वर्गणीवर राहावे लागे. फुकटचे पद श्रीमंतालाच परवडते!

पुढे राज्यघटनेत आमदार-खासदारांच्या पगार-भत्त्यांची तरतूद झाली. मात्र कोणी कितीदा निवडून यावे याला मर्यादा नाही, राष्ट्रपतिपदालाही नाही. पण खुर्ची कधी सोडावी, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखवले. हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५२ आणि १९५४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकांत पराभव झाला, तरी चळवळ सोडली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कारखान्यात पाळी करणारा आमचा बांधव नगरसेवक झाला, तर सभेच्या दिवशी त्याचा खाडा होतो, मजुरी बुडते. मानधन नसेल तर तो धनदांडग्याचा मिंधा होईल. म्हणून मानधन ही भीक नव्हे, हक्क आहे. पण हक्काचे मानधन घेणाऱ्याने खुर्चीचे वतन करू नये. ज्यांच्या बापाने वतनाविरुद्ध लढा दिला, त्यांना ते शोभत नाही.