मातोश्री रमाबाई आंबेडकर : एक अल्पचरित्र

मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ भिंती, गाभारा व कळस यांचे काम नव्हे. ज्यांच्यासाठी देवाचे दार एके काळी बंद होते, त्यांचीही आठवण अशा मंगल प्रसंगी ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून आपल्या विठ्ठल-रखुमाई मंदिराच्या या स्मरणिकेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सहधर्मचारिणी रमाबाई यांचे चरित्र ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे नम्रपणे ठेवीत आहे.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी कोकणात दापोलीजवळील वणंद या गावी झाला. वडील भिकू धुत्रे हे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून संसार चालवीत. आईचे नाव रुक्मिणी. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले व नातेवाइकांनी या पोरक्या भावंडांना मुंबईस आणले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचा विवाह झाला. वधूचे वय जेमतेम आठ-नऊ वर्षांचे आणि वर शाळेत शिकत होते.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले, ते १९१७ साली परतले. १९२० साली पुन्हा विलायतेस जाऊन १९२३ साली बॅरिस्टर होऊन आले. तिकडे पती ग्रंथालयात अर्धपोटी बसून अभ्यास करीत, इकडे रमाबाई परळच्या चाळीत संसार रेटीत. त्या शेण गोळा करून गोवऱ्या थापीत व त्या विकून मीठ-मिरची आणीत, असे सांगतात. पाच अपत्यांपैकी यशवंत एवढेच हाती लागले. गंगाधर, रमेश, इंदू ही लेकरे गेली आणि १९२६ साली राजरत्नही गेला. एवढे आघात सोसूनही या माउलीने पतीच्या कार्यास कधी आडकाठी केली नाही.

धारवाडच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणाचे हाल पाहून त्यांनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. दानाची किंमत रकमेवरून ठरत नाही, हे आपणा सर्वांस यावरून कळावे.

रमाबाईंची विठ्ठलावर श्रद्धा होती. पंढरपुरास जाऊन दर्शन घ्यावे, ही त्यांची मोठी इच्छा. परंतु त्या काळी अस्पृश्य मानलेल्या भाविकांस चोखोबांच्या समाधीपाशी थांबून मागे फिरावे लागे. जेथे आपल्या माणसांना आत घेत नाहीत तेथे जाण्यापेक्षा आपण दुसरी पंढरी उभारू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. २७ मे १९३५ रोजी दादर येथे राजगृहात रमाबाईंचे निधन झाले. पुढे १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले झाले. त्या वेळी त्यांना जाऊन बारा वर्षे लोटली होती. विठ्ठलाचे दर्शन राहूनच गेले.

बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या विपन्नावस्थेत, जवळ कोणी मित्र नसताना, पत्नीने दाखविलेल्या धीराची त्यात कृतज्ञतेने नोंद आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. रमाबाईंस दिलेल्या शब्दाची पूर्तता अनेकांना त्या दीक्षाभूमीत दिसते.

आज आपल्या गावात कोणी विठ्ठलाला भजतो, कोणी बुद्धवंदना म्हणतो. दोन्ही घरे एकाच विहिरीचे पाणी पितात. या मंदिराचा कळस उंच झाला ही आनंदाची गोष्ट आहेच. परंतु याच्या पायरीवरून यापुढे एकाही माणसास माघारी फिरावे लागले नाही, तरच हा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल.

माता रमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.