शिखराच्या वाटेवरचे हिंगणघाट

गिर्यारोहण म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे शिखरावर रोवलेला ध्वज उभा राहतो. हिमवादळ, विरळ हवा, दोरखंड व बर्फाची कुऱ्हाड यांच्या आधाराने मृत्यूशी घेतलेली झुंज आणि अखेरीस पायांखाली आलेला माथा, असे ते चित्र असते. असा पराक्रम करणाऱ्यांचा गौरव होतो आणि तो व्हावयासच हवा. तथापि डोंगर चढणाऱ्यांचा आणखी एक वर्ग होऊन गेला. तो ध्वज रोवण्यासाठी चढला नाही. माथ्यावरून दूरवर पाहावे आणि पाहिलेले मोजावे, एवढ्याचसाठी चढला. कष्ट त्यानेही तितकेच सोसले. त्या कष्टांचे फळ मात्र बहुधा दुसऱ्याच्या ओंजळीत पडले. या वर्गाचा भारतातील आद्य पुरुष नागपूरपासून सुमारे पन्नास मैलांवर, हिंगणघाटच्या काळ्या मातीत विसावला आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. २० जानेवारी १८२३ रोजी तेथे त्याचा अंत झाला. २०२३ साली या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण झाली.

कपाशीच्या सपाट मुलखात मरण पावलेल्या या मनुष्याचा उत्तुंग पर्वतांशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर त्याच्या चरित्रातच आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील एका सामान्य कुटुंबात लॅम्बटनचा जन्म झाला. घरची गरिबी होती, परंतु गणिताची गोडी विलक्षण होती. १७८१ साली तो पायदळात अत्यंत कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो यॉर्कटाऊन येथे कैद झाला आणि सुटकेनंतर कॅनडाच्या सरहद्दीवर जमिनीची मोजणी करू लागला. तेथे सूर्यग्रहणाचे निरीक्षण करीत असता त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे ज्याचे सारे आयुष्य दुर्बिणीला डोळा लावण्यात गेले, त्याला एकाच डोळ्याने पाहता येत होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. बराकींची व्यवस्था पाहण्याच्या नोकरीत त्याने सुमारे तेरा वर्षे काढली. बढती नाही, कीर्ती नाही. सोबतीला गणिताचे ग्रंथ तेवढे होते. चाळिशी उलटून गेल्यावर, १७९६ च्या सुमारास, त्याची पलटण हिंदुस्थानात आली. तिचा प्रमुख आर्थर वेलस्ली हा होता. याच वेलस्लीने पुढे असईला मराठ्यांचा आणि वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

१७९९ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री इंग्रजांची एक तुकडी अंधारात वाट चुकली. तुकडी उत्तरेकडे जात आहे, अशी सेनानीची समजूत होती. लॅम्बटनने आकाशातील नक्षत्रांकडे पाहून सांगितले, की आपण दक्षिणेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे निघालो आहोत. होकायंत्र पाहिल्यावर त्याचेच म्हणणे खरे ठरले. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याने कंपनी सरकारपुढे एक योजना मांडली. मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत साऱ्या द्वीपकल्पाची त्रिकोणमितीने अचूक मोजणी करावयाची आणि त्याबरोबरच पृथ्वीच्या गोलाईचे मापही घ्यावयाचे, असा तिचा आशय होता. हिशेबी अधिकाऱ्यांना तिचा अर्थ कळेना. श्रीरंगपट्टणला जावयाचे असेल तर पालखीत बसून जाता येते, त्यासाठी नकाशाची गरज काय, अशी शंकाही एकाने काढली. तरीही १८०० साली योजनेला मंजुरी मिळाली.

या मोजणीचे तत्त्व शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू घरबसल्या काढता येतात. त्यांपैकी एक बाजू धरून पुढचा त्रिकोण, त्यावरून त्यापुढचा, अशी साखळी वाढवीत जावयाचे. जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते ती फक्त पहिली बाजू. तिला आधाररेषा म्हणतात. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपासून या आधाररेषेचे काम सुरू झाले. शंभर फुटांची पोलादी साखळी वारंवार अंथरून साडेसात मैलांची रेषा मोजावयास सत्तावन्न दिवस लागले. या साखळीचा इतिहासही मौजेचा आहे. ती चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी इंग्लंडहून निघाली होती आणि फिरत फिरत कलकत्त्यास येऊन पडली होती. कोन मोजण्याचे थिऑडोलाइट यंत्र तर अर्ध्या टनाचे होते. ते आणणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले. परंतु यंत्र शास्त्रकार्यासाठी आहे, हे ध्यानी येताच मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रे एकमेकांचे रक्त सांडीत असतानाची ही गोष्ट आहे.

तत्त्व सोपे असले, तरी ते प्रत्यक्षात उतरविणे हे डोंगराशी झगडणे होते. दोन ठिकाणे एकमेकांना दिसल्यावाचून त्यांमधील कोन मोजता येत नाही, म्हणून प्रत्येक मुक्काम आसपासच्या सर्वांत उंच माथ्यावर करावा लागे. आधी एक टोळी पुढे जाऊन रान तोडी, वाट पाडी आणि शिखरावर निशाण उभारी. मग अर्धा टनाचे ते यंत्र माणसांच्या खांद्यांवरून व दोरांच्या जोरावर वर चढविले जाई. परंतु चढणे हा त्या कामातील सोपा भाग होता. खरी कसोटी वर पोचल्यावर लागे. धूर, धूळ, धुके किंवा ढग यांपैकी काहीही आडवे आले, की तीस-चाळीस मैलांवरचे निशाण दिसेनासे होई. मग वाऱ्याने फाटणाऱ्या तंबूत, ओल्या कपड्यांत, दिवसच्या दिवस वाट पाहत राहावयाचे. क्षणभर ढग फाटले, की तेवढ्यात कोन टिपावयाचा. आणि तोही एकदा नव्हे, पुनःपुन्हा.

यातही निसर्गाने एक क्रूर थट्टा करून ठेवली होती. पावसाच्या सरींनी हवेतील धूळ धुऊन निघते, म्हणून दूरचे सर्वांत स्वच्छ दिसते ते पावसाळ्यात व त्याच्या लगेच नंतर. रानातील ताप सर्वांत भयंकर असतो तोही नेमका त्याच दिवसांत. डोळ्यांना जो ऋतू अनुकूल, तोच देहाला वैरी. १८१९ साली कृष्णा-गोदावरीमधील अरण्यात लॅम्बटनचा तरुण साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्याची जवळजवळ सारी तुकडी तापाने अंथरुणास खिळली. काहींना मृत्यूने गाठले. हा ताप रानातील दूषित हवेमुळे येतो, अशी तेव्हाची समजूत होती. त्यामागे डास आहेत, याचा शोध रोनाल्ड रॉसने १८९७ साली लावला, आणि तोही हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेतच.

कावेरीच्या सपाट प्रदेशात डोंगर नाहीत, म्हणून तेथे मंदिरांची शिखरे वापरावी लागली. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर यंत्र चढविताना दोर तुटला. यंत्र दगडी भिंतीवर आपटले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकडे झाले. दुसऱ्या कोणी काम थांबवून विलायतेला पत्र लिहिले असते. लॅम्बटन मोजक्या कारागिरांना घेऊन सहा आठवडे तंबूत कोंडून राहिला आणि लाकडी हातोड्याचे हलके घाव घालून त्याने ते वर्तुळ केसाकेसाने पूर्ववत केले. त्याच यंत्रावर पुढे कित्येक वर्षे काम झाले.

या श्रमांचे फळ काय? पहिले फळ असे, की मद्रास ते मंगळूर ही द्वीपकल्पाची रुंदी चारशे मैल समजली जात होती, ती तीनशे साठच भरली. चाळीस मैलांची भूमी नकाशावरून नाहीशी झाली. दुसरे फळ याहून मोठे होते. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी त्याची त्रिकोणांची माळ पृथ्वीच्या गोलाईचेच माप होती. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे, या प्रश्नाच्या उत्तरात तिचा मोठा वाटा आहे. १८१७ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा सन्मान केला. १८१८ साली या कार्याला त्रिकोणमितीय महासर्वेक्षण हे नाव मिळून ते गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले. एक लाख पासष्ट हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश त्याच्या हयातीत मोजून झाला.

१८१८ हे साल मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने आठवते. त्याच वर्षी पेशवाई बुडाली, आणि त्याच्या आधीच्याच वर्षी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सत्तेचा कणा मोडला. लॅम्बटनचे कार्य शास्त्राचे असले, तरी त्याचा खर्च कंपनी शास्त्रप्रेमाने करीत नव्हती. ज्याच्या हाती नकाशा, त्याला सारा वसूल करणे सोपे आणि फौज हलविणेही सोपे. डोंगरमाथ्यावर दुर्बीण लावून बसणाऱ्या साहेबाकडे खेडुतांनी व संस्थानिकांनी संशयाने पाहिले, यात त्यांचे अज्ञान होते तसे शहाणपणही होते. हे सत्य झाकून लॅम्बटनचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्याने मोजलेला कोन इंग्रजांसाठी खरा आणि आपल्यासाठी खोटा नव्हता. राज्य गेले, माप राहिले. आणि स्वतंत्र भारतानेही अनेक दशके आपले नकाशे त्याच मोजणीच्या पायावर काढले.

वयाची सत्तरी जवळ आली, तरी लॅम्बटन थांबला नाही. शरीर खंगले होते, खोकला पाठ सोडीत नव्हता. तरीही यंत्रापुढे उभा राहिला, की या वृद्धाचे वार्धक्य गळून पडते, असे त्याच्या साहाय्यकाने नमूद करून ठेवले आहे. त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत होती, म्हणून त्याने आपले ठाणे हैदराबादहून नागपूरला हलविण्याचे ठरविले. थंडीच्या दिवसांत तो निघाला. नागपूर काही मजलांवर असता, हिंगणघाटच्या मुक्कामी, त्याचा प्राण गेला. पुढे सातपुडा होता आणि त्याच्याही पलीकडे, शेकडो मैलांवर, हिमालय.

हे काम एव्हरेस्टने उचलले. वऱ्हाडातून सातपुडा ओलांडताना त्याच्या हातापायांतील शक्ती गेली, तेव्हा माणसांच्या आधाराने यंत्राशी उभे राहून त्याने निरीक्षणे घेतली. ही माळ देहरादूनजवळ हिमालयाच्या पायथ्याला भिडली आणि १८४१ साली तिचे काम पुरे झाले. त्यानंतर, १८४९-५० च्या सुमारास, तराईच्या मैदानातून शंभर मैलांपलीकडील हिमशिखरांचे कोन घेतले गेले. पुष्कळ गणित झाले, राधानाथ सिकदार यांच्यासारख्या बुद्धिमान भारतीय गणितज्ञाचा त्यात मोठा भाग होता, आणि १८५६ साली पंधरा क्रमांकाचे एक शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे जाहीर झाले. त्याची उंची २९,००२ फूट ठरली. २०२० साली उपग्रहांच्या साहाय्याने घेतलेले माप ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. सव्वाशे कोसांच्या नव्हे, तर सबंध देशाच्या लांबीच्या त्या साखळीअखेर चूक निघाली ती अवघी तीस फुटांची! १९२१ साली गिर्यारोहकांची पहिली तुकडी त्या पर्वताकडे वळली आणि १९५३ साली तेनसिंग व हिलरी माथ्यावर पोचले, ते हेच शिखर सर्वोच्च आहे हे आधी ठाऊक झाले होते म्हणून.

शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले. हे नाव या देशातील लोकांना नीट उच्चारता येणार नाही, असा आक्षेप खुद्द एव्हरेस्टने घेतला होता, तरी १८६५ साली ते कायम झाले. नेपाळ्यांचे सगरमाथा आणि तिबेट्यांचे चोमोलुंगमा मागे पडले. लॅम्बटनच्या नावाचे शिखर कोणाला ठाऊक नाही. त्याच्याही खाली आणखी एक थर आहे, त्याला तर नावेच नाहीत. अर्धा टनाचे यंत्र वाहणारे, माथ्यावर निशाण धरून पावसात उभे राहणारे खलाशी या देशाचे होते. १८६० साली असाच एक खलाशी स्पितीमधील शिल्ला शिखरावर निशाणाची काठी घेऊन चढला. या शिखराची उंची तेवीस हजार फुटांहून अधिक असल्याचे दीर्घकाळ मानले गेले. नव्या मोजणीत ती वीस हजारांच्या किंचित वर भरली. तरीही त्या काळी इतक्या उंचीवर जाणे हा असामान्य पराक्रम होता. सर्वेक्षणाच्या दप्तरात त्याची नोंद आहे. त्या माणसाचे नाव नाही.

पर्वत फळ देतो, परंतु ते चढणाऱ्याच्याच हाती देईल असा त्याचा करार नसतो. लॅम्बटनला हे ठाऊक असले पाहिजे. तो ज्या टोकाच्या दिशेने चालला होता, ते आपल्या हयातीत येणार नाही, हे सत्तरीच्या मनुष्याला कळत नाही असे नाही. तरीही त्याने आदल्या त्रिकोणात राहिलेली चूक पुढच्यात ढकलली नाही. जे काम दुसऱ्याने पुरे करावयाचे आहे, त्यात हयगय करणे सर्वांत सोपे असते. आणि हिमालयाची उंची अचूक निघाली, ती दक्षिणेतील एका अनाम टेकडीवर कोणी अशी हयगय केली नाही म्हणूनच. वर्गात पहिल्या इयत्तेला अक्षरे गिरवून घेणारा शिक्षक आणि कचेरीत नोंदवही चोख ठेवणारा कारकून यांना हा धर्म वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

नागपूरकरांना शून्य मैलाचा स्तंभ परिचित आहे. तेथे महासर्वेक्षणाची उंचीदर्शक खूणही आहे. शाळेच्या सहली त्या स्तंभापाशी थांबतात, छायाचित्रे निघतात आणि मुले पुढे जातात. त्यांना एकदा हिंगणघाटलाही न्यावे. आणि त्याहून बरे म्हणजे, दोन काठ्या, एक दोरी आणि एक कोनमापक देऊन रामटेकच्या पायथ्याशी उभे करावे व त्या टेकडीची उंची न चढता काढावयास सांगावी. उत्तर काढून झाल्यावर ती त्यांनी अवश्य चढावी.